ऊन, वारा, पाऊस आणि आपले घर



"घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून," ही म्हण आपल्या साऱ्यांच्या तोंडी आहे. घर बांधायला निघालेल्या माणसाची कमाई तर त्यात जातेच, झोपही जाते. पोलादपूर आणि महाड तालुक्यांतली किती तरी घरे मुंबईहून आलेल्या पैशावर उभी राहतात. एकाने तिकडे घाम गाळायचा, दुसऱ्याने इकडे भिंत उभारायची. असा कष्टाचा पैसा घालून बांधलेले घर उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात गळका डबा होऊ नये, एवढ्यासाठी हा पाठ आहे.

घर कुणीही बांधो, त्याचे खरे गुरू तीन : ऊन, वारा आणि पाऊस. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला व कुशीत राहणाऱ्यांना हे तिघे रोजचे. त्यांची रीत समजून घेतली, तर थोड्या पैशात व थोड्या जळणात सुखाने राहता येते.

१. आधी जागा, मग घर

पहिला प्रश्न भिंतीचा नव्हे, जमिनीचा. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली. ८० हून अधिक माणसे दगावली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही दरडी पडून माणसे गेली, आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजाग तुटला. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव आणि जुई येथे हेच दुःख आले होते. ती घरे कच्ची होती म्हणून ती माणसे गेली असे नव्हे. डोंगरच खाली आला, तर पक्के घरही टिकत नाही.

म्हणून उभ्या उताराच्या पायथ्याशी घर बांधू नये. ओढ्याच्या तोंडाशी बांधू नये. घरासाठी डोंगराचा पाय कापून सरळ उभी भिंत करू नये. डोंगराच्या अंगावर लांब भेग दिसली, झाडे किंवा खांब कलले, जिथे झरा नव्हता तिथे पाणी फुटले, किंवा ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर ती धोक्याची खूण समजावी आणि ताबडतोब जागा सोडावी. दरडीचा धोका असलेल्या गावांची यादी तहसील कचेरीत असते. पाया खणण्याआधी तिथे विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

२. छपरावर किती पाणी पडते?

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. समजा, आपले घर ३० फूट लांब आणि २० फूट रुंद आहे. म्हणजे ६०० चौरस फूट, सुमारे ५६ चौरस मीटर.

२२ जुलै २०२१ च्या सकाळपासून चोवीस तासांत, घाटाच्या वरच्या अंगाला महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. एवढा पाऊस आपल्या छपरावर पडला तर? ५६ गुणिले ५९४, म्हणजे सुमारे ३३ हजार लिटर. दहा लिटरची घागर धरली, तर एका दिवसात ३,३०० घागरी!

हे पाणी जाते कुठे? पागोळीतून जोत्याशी पडते, पाया भिजवते आणि ओल भिंतीत चढते. म्हणून तीन गोष्टी कराव्यात. जोते दगडाचे, निदान दोन फूट उंच असावे. पागोळी भिंतीपासून दोन-तीन फूट दूर पडेल एवढे छप्पर पुढे काढावे. आणि घराभोवती गटार खणून पाणी उताराला लावावे. पण ते शेजाऱ्याच्या जोत्यावर सोडू नये, बरं का! पाण्यावरून वाकडेपणा आला की पिढ्यान् पिढ्या जात नाही.

पाऊस आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो आणि वाऱ्याबरोबर आडवा मारतो. म्हणून त्या अंगाला पडवी ठेवावी. जुन्या लोकांनी पडवी नुसती बसायला काढली नव्हती. ती भिंतीची छत्री आहे.

३. ऊन कोठून येते?

उन्हाळ्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो. आपल्या भागात मे महिन्याच्या मध्याला तो अगदी माथ्यावर येतो. म्हणजे उन्हाळ्याचा मोठा मारा छपरावर होतो. सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी तो पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर होतो. थंडीत मात्र सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेची भिंत तापवतो.

यावरून काय ठरवावे? जागा मिळेल तर घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. म्हणजे आखूड भिंती पूर्व-पश्चिमेला येतात आणि ऊन कमी खातात. लांब भिंत दक्षिणेला आली, की पौष महिन्यात तिला कोवळी ऊब मिळते. पश्चिमेच्या अंगाला एखादे फणसाचे वा आंब्याचे झाड असावे, पण भिंतीला खेटून नव्हे. मुळे पाया उचलतात.

४. वारा येऊ द्या, धूर जाऊ द्या

गरम हवा हलकी असते, ती वर चढते. थंड हवा जड असते, ती खाली राहते. एवढे लक्षात ठेवले की खिडकी कुठे ठेवायची ते कळते. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या ठेवाव्यात, म्हणजे वारा एकीकडून येऊन दुसरीकडून जातो. आणि वर, आढ्याजवळ, झरोका ठेवावा. त्यातून तापलेली हवा बाहेर पडते. झरोक्यावर जाळी व झाप असावा, म्हणजे पाऊस व पाखरे आत येणार नाहीत.

खिडकी किती मोठी? देशाच्या बांधकाम संहितेत दमट उष्ण मुलखासाठी माप दिले आहे : जमिनीच्या क्षेत्राचा सहावा भाग. खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद, म्हणजे १२० चौरस फूट. तिचा सहावा भाग २० चौरस फूट. म्हणजे ४ फूट उंच व अडीच फूट रुंद अशा दोन खिडक्या.

आता चुलीकडे येऊ. चुलीच्या उबेने माळ्यावरचे धान्य सुके राहते, धुराने वाशांना कीड लागत नाही, हे खरे. पण तोच धूर घरच्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. पाठीवरच्या लेकराच्याही छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. वासे वाचवायचे की माणसे? म्हणून चुलीला धुराडे हवे. ते छपराच्या वर दोन-तीन फूट काढावे आणि लाकडी वाशाला टेकू देऊ नये. गॅस आला असला तरी स्वयंपाकघराला खिडकी हवीच.

५. ऊब कशी राखावी?

आमच्याकडे शेगड्या पेटवून घर तापवण्याइतकी थंडी थोडेच दिवस पडते. पण घाटाच्या वरच्या वाड्यांत मार्गशीर्ष-पौषात म्हाताऱ्यांचे हाल होतात. जाड माती-दगडाची भिंत दिवसा ऊब पिते आणि रात्री सोडते. हिवाळ्यात दिवसा दक्षिणेच्या खिडक्या उघडाव्या, सांजेला लावून घ्याव्या. उन्हाळ्यात उलटे करावे : दुपारी खिडक्या लावाव्या, रात्री उघडाव्या. चूल माजघराच्या भिंतीला लागून असली, तर त्या भिंतीची ऊब माजघराला फुकट मिळते.

जळण पावसाआधी तोडून आडोशाला वाळवावे. ओल्या लाकडाची काही ताकद स्वतःचे पाणी आटवण्यातच जाते, आणि धूरही जास्त होतो.

आणि एक गोष्ट काळजात कोरून ठेवा. दारे-खिडक्या लावून, आत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका. तिच्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही.

६. भिंत कशाची, छप्पर कशाचे?

पत्रा स्वस्त व हलका, पण दुपारी तापतो. पत्रा असेल तर त्याच्या खाली हातभर पोकळी सोडून बांबूचा वा फळ्यांचा माळा करावा, वरून पांढरा रंग द्यावा. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, आणि फुटलेले कौल एकट्याने बदलता येते. स्लॅब मजबूत, पण दिवसभराचे ऊन साठवून रात्री आत सोडतो. स्लॅबच बांधणार असाल, तर त्यावर कौलांचे छप्पर करावे. ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक आहे. ते टाळावेत.

भिंतीला माती, दगड, जांभा जे जवळ मिळेल ते घ्यावे. सिमेंट करायला चुनखडी सुमारे १,४५० अंशांवर भाजावी लागते, विटेला भट्टी लागते. मातीला नुसते ऊन पुरते. मातीत शेकडा ५ ते ८ भाग सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या विटा चांगल्या टिकतात. सेवाग्रामची बापूकुटी माती, बांबू, लाकूड आणि कौले यांचीच आहे. १९३६ साली गांधीजी त्या गावी राहायला गेले. ती कुटी आजही उभी आहे, कारण तिची निगा राखली जाते.

पण नुसती माती वा नुसता दगड रचून भागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला. किल्लारीत गोलगोट्यांच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरे माणसांवर पडली. म्हणून दगडी भिंतीत जागोजाग आरपार जाणारा लांब दगड बसवावा. जोत्यावर आणि दारे-खिडक्यांच्या वर साऱ्या घराभोवती लाकडाचा वा काँक्रीटचा पट्टा फिरवावा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात असंख्य छपरे उडवली. म्हणून छप्पर भिंतीला घट्ट बांधावे.

घर मोठे असले म्हणजे सुखाचे असते असे नाही. ज्या घरात पावसात ओल नाही, दुपारी तगमग नाही आणि चुलीपुढच्या बाईला खोकला नाही, ते घर चांगले.

घरी करून पाहा

१. काचेची बाटली एक तृतीयांश मातीने भरा. वर पाणी घालून जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. वाळू खाली बसेल, चिकणमाती वर. आपल्या मातीत काय जास्त आहे?
२. आपल्या छपराची लांबी-रुंदी मोजा. १०० मिलिमीटर पावसात त्यावर किती लिटर पाणी पडेल?
३. उदबत्ती पेटवून स्वयंपाकघरात उभे राहा. धूर कुठे जातो? तो कुठेच जात नसेल, तर झरोका कुठे पाडावा हे घरच्या बाईला विचारून ठरवा.