हसता हसता शोध

रहस्य उकलण्याची हौस मनुष्यमात्राला उपजतच असते. कोणी मूठ मिटून पुढे केली, की "आत काय आहे?" असे विचारल्यावाचून आपल्याला राहवत नाही. या हौसेतूनच कोडी निर्माण झाली आणि पुढे गुप्तहेरांच्या कथा जन्मास आल्या. आर्थर कॉनन डॉइल या लेखकाने १८८७ साली शेरलॉक होम्स जगापुढे आणला. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या 'झुंजार' आणि 'काळा पहाड' यांनी वाचकांना वेड लावले. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे निर्माण केला. सायकलवर स्वार होऊन संकटांचा पाठलाग करणारा हाच तुमचा आवडता 'फास्टर फेणे'!

कथा वाचताना शोध नायक लावतो, आपण केवळ त्याच्या मागून चालतो. आपणच नायक झालो तर? संगणकावरील साहसी खेळांनी ही इच्छा पुरी केली. अमेरिकेतील विल क्राउदर या संगणकतज्ज्ञाला गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी राज्यातील विशाल मॅमथ गुहेच्या आधारे त्याने १९७६ च्या सुमारास एक खेळ रचला. आपल्या मुलींना तो खेळता यावा, हाही त्याचा हेतू होता. त्यात एकही चित्र नव्हते. पडद्यावर वर्णन वाचावयाचे आणि 'उत्तरेस जा', 'दिवा घे' अशा आज्ञा टंकित करावयाच्या. १९८० साली रोबर्टा विल्यम्स आणि त्यांचे पती केन यांनी अशा खेळाला रेखाचित्रांची जोड दिली. त्यांच्या त्या खेळात एका घरातील गूढ उकलावयाचे होते. पुढे चित्रातील वस्तूकडे नुसता निर्देश करताच काम होऊ लागले. स्टीव्ह पर्सेल या चित्रकाराने १९८७ साली सॅम आणि मॅक्स ही विनोदी जोडी चित्रकथेत आणली. सॅम हा सूट-टोपी घातलेला कुत्रा, तर मॅक्स हा महा उपद्व्यापी ससा. हे दोघे गुप्तहेर १९९३ साली चित्रकथेतून संगणकाच्या खेळात उतरले. आता असे अनेक खेळ मोबाईलवर आले असून बोटाच्या एका स्पर्शाने खेळता येतात.

या खेळांची रचना साधी असते. पडद्यावर एखादे स्थळ चितारलेले असते. तेथील वस्तू निरखावयाच्या, उपयोगी वाटेल ती आपल्या झोळीत टाकावयाची, भेटलेल्या पात्रांना प्रश्न विचारावयाचे आणि मिळालेल्या माहितीची सांगड घालावयाची. येथे बोटांच्या चपळाईपेक्षा डोळ्यांची व बुद्धीची कसोटी अधिक लागते.

वाशीम जिल्ह्यातील जऊळका हे गाव अकोला-पूर्णा लोहमार्गावर आहे. समजा, तेथील स्थानकावर जुन्या काळचा असा एक खेळ आपण रचला. खेळ सुरू होताच स्टेशनमास्तर ओरडत धावत येतात, "घंटा गेली! आता गाडीला कसे कळणार, की ती आली आहे?" फलाटावर घंटेची दोरी तेवढी लोंबते आहे. दोरीखाली एक बाक आहे. बाकावर एक शेळी पाय दुमडून, एखाद्या पंचासारखी गंभीर बसली आहे. जवळच चहावाला उभा आहे. हमाल सांगतो, "सकाळी दोरीपाशी मी चहावाल्यालाच पाहिले."

झाले! उतावळा खेळाडू चहावाल्याला चोर ठरवून मोकळा होतो. चहावाला शांतपणे म्हणतो, "घंटा नेऊन मी काय करू? तिच्यात चहा उकळू?" मास्तर मान हलवतात आणि खेळ पुढे सरकत नाही.

चतुर खेळाडू मात्र आधी दोरी निरखतो. तिचे टोक सुरीने कापल्यासारखे नीट नाही, ते चावलेले आणि ओलसर आहे. मग तो विचार करतो, की पितळेची जड घंटा फलाटावर पडती, तर केवढा खणखणाट झाला असता! पण आवाज तर कोणीच ऐकला नाही. याचा अर्थ, घंटा एखाद्या मऊ वस्तूवर पडली असावी. बाकाशेजारी सोयाबीनचे दाणे सांडलेले त्याला दिसतात. तो हमालाला विचारतो, "सकाळी येथे काय ठेवले होते?" उत्तर मिळते, "तोंड उघडे असलेले सोयाबीनचे पोते. ते बैलगाडीने बाजारात गेले." उलगडा झाला! शेळीने दोरी खाल्ली, घंटा पोत्यात पडली आणि मुकाट्याने बाजारास निघून गेली. मास्तर शेळीकडे रोखून पाहतात. शेळी मात्र उरलेल्या दोरीकडे पाहते.

या गंमतीत एक मोलाचा धडा दडलेला आहे. चहावाला दोरीपाशी दिसला, हे खरे होते; पण त्याने घंटा नेली, हे त्यावरून सिद्ध होत नव्हते. संशय म्हणजे पुरावा नव्हे. संशय हा शोधाचा आरंभ होऊ शकतो, शेवट कधीही नाही.

आता खेळ बाजूला ठेवून वर्गात येऊ. समजा, एखाद्याची कंपासपेटी हरवली. "मधल्या सुट्टीत तो एकटाच वर्गात होता," असे कोणी म्हणते, आणि क्षणार्धात सगळ्यांची बोटे एका मुलाकडे वळतात. सायंकाळी पेटी मालकाच्याच घरी, गोधडीखाली सापडते. परंतु दिवसभर त्या मुलाने खाली घातलेली मान कोण वर करणार? खेळात चूक झाली, तर पुन्हा आरंभ करता येतो. माणसाच्या नावाला लागलेला डाग मात्र बोटाच्या स्पर्शाने पुसला जात नाही. म्हणून बोट दाखवण्यापूर्वी दोरीचे टोक पाहावे, हेच शहाणपण.

असे खेळ अवश्य खेळावेत. मात्र वडीलधाऱ्यांना विचारून आणि वेळेचे भान राखून. कोडे सुटले नाही, तर लगेच आयते उत्तर शोधू नये. मोबाईल खाली ठेवून गावातून एक फेरी मारावी. अडलेला विचार पुष्कळदा चालता चालताच सुटतो. शिवाय निरखण्याजोग्या गोष्टी पडद्याबाहेर कितीतरी अधिक आहेत.

शब्दार्थ

उपजत – जन्मापासून असलेले
उपद्व्यापी – नसत्या उठाठेवी करणारा
सांगड घालणे – जोडणे, मेळ बसवणे
भान राखणे – जाणीव ठेवणे

स्वाध्याय

१. विल क्राउदरने आपला खेळ कशाच्या आधारे रचला?
२. घंटा पडल्याचा आवाज कोणीच का ऐकला नाही?
३. 'संशय म्हणजे पुरावा नव्हे' हे विधान पाठातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
४. आपल्या गावातील एखादे स्थळ निवडून त्यावर एक विनोदी रहस्यकथा दहा ओळींत लिहा. तीत निदान तीन खुणा असाव्यात.