पंगत

लातूर,
३ ऑगस्ट

चि. सोनीस,


तुझं पत्र परवा मिळालं. रोज फोनवर बोलणारी पोर चार पानं लिहून पाठवते, तेव्हाच कळलं की मन जड झालंय. चाळीस मुलांचा वर्ग, त्यात घंटा झाली की कान झाकून बाकाखाली शिरणारा तो एक मुलगा. त्याला हलवा म्हणून पालकांनी दिलेला सह्यांचा कागद. आणि ‘दोन तास बसवा, हजेरी लावा, घरी पाठवून द्या’ असा मुख्याध्यापकांनी सुचवलेला मार्ग. शेवटी तू विचारलंस, ‘आत्या, मी काय करू?’

सगळं वाचलं, पण एका ओळीपाशी मी पुन्हा पुन्हा थांबले. खिचडीच्या वेळी त्याच्या दोन्ही अंगांना एकेक लेकरू बसेल एवढी जागा मोकळी राहते, असं तू सहज लिहून गेलीस. सह्यांचा कागद फाडता येतो गं. त्या मोकळ्या जागेचं काय करायचं, ते मी तुला सांगणार आहे. पण आधी माझं ऐक, कारण हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

१९९५ साल होतं. किल्लारीचा भूकंप होऊन दोन वर्षं होत होती. औसा तालुक्यातल्या एका गावात आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. दुसरीच्या वर्गात असाच एक मुलगा होता. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की बाकीची पोरं हुर्यो करायची आणि हा भिंतीला कपाळ घासत हुंदके द्यायचा. गाव म्हणायचं, लेकराला भूकंपाचा धसका बसलाय. मीही तेच म्हणायचे. त्याची आई सांगायची, ‘भूकंपाच्या आदीबी असंच होतं, बाई.’ मी ते कानाआड केलं. फळ्याकडं तो कधी बघायचा नाही, पण गावात येणाऱ्या प्रत्येक एस.टी.ची पाटी त्याला पाठ होती: कुठून आली, कुठं चालली, मार्गे कुठं, किती वाजता. गाडी उशिरा आली की त्याचा जीव कासावीस व्हायचा. त्या पाट्यांवरून त्याला वाचायला शिकवता आलं असतं, हे मला निवृत्त झाल्यावर सुचलं.

२६ जानेवारीला वरून साहेब येणार होते. आदल्या दिवशी मी त्याच्या आईला दारात थांबवून म्हटलं, ‘उद्या एक दिवस त्याला घरीच ठेवा.’ त्यांनी पदर सारखा केला, ‘बरं, बाई’ म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी कवायत चालू असताना मला तो कुंपणापलीकडं दिसला. धुतलेला पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेल्या गुंड्या, दोन्ही कानांवर हात, आणि डोळे झेंड्यावर. त्यानंतर तो शाळेत आला नाही.

काही वर्षांनी त्या मुलाच्या आई मला लातूरच्या गंजगोलाईत भेटल्या. मी विचारलं, ‘त्याला परत का नाही पाठवलंत? मी तर एकच दिवस म्हटलं होतं.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणाल्या, ‘तुमी एक दिवस म्हनलात, बाई. मंग म्या इचार केला, साहेब काय एकदाच येतेत व्हय?’

सोने, मला तिथं एक शब्द बोलता आला नाही. त्यांनी मग आपणहून सांगितलं की संक्रांतीच्या वाणाला त्यांना आता कुणी बोलवत नाही. लेकरू सोबत येतं, हळदीकुंकवाच्या ताटावर हात मारतं, म्हणून आधी लोक कुरकुरले आणि नंतर निरोपच येईना. मूल शाळेतून उठलं आणि आई बायकांतून उठली.

या मुलांना ‘स्वमग्न’ म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत १९४३ साली हे लिहून ठेवलं होतं, पण आमच्या पत्र्याच्या शेडपर्यंत ते पोचलं नव्हतं. कायद्यालाही कुठं ठाऊक होतं? त्याच १९९५ साली अपंगांसाठी देशाचा कायदा झाला, त्यात सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यात नव्हती. २०१६ च्या कायद्यानं ते एकवीस केले. आता त्यात स्वमग्नता आहे, वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांची अध्ययन अक्षमताही आहे. म्हणजे मला जे माहीत नव्हतं म्हणून मी चुकले, ते तुझ्या हातात आहे.

मुख्याध्यापकांशी भांडू नकोस. त्यांच्याही डोक्यावर कागदांचा डोंगर आहे. पण नीट समोर बसून सांग, की शिक्षण हक्क कायद्यानं आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, मग सह्या सहा असोत की साठ. दोन तासांची हजेरी म्हणजे काढून टाकण्याचंच सोज्वळ नाव. कुणी म्हणेल, अशा मुलांना घरी राहून शिकायची सोय कायद्यातच आहे. आहे, २०१२ च्या दुरुस्तीनं आली. पण ती तीव्र किंवा एकाहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलांसाठी आहे आणि निवड त्यांची आहे, शाळेच्या सोयीसाठी ती केलेली नाही. आणि एकटीनं ओढू नकोस. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना लेखी पत्र दे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली विशेष शिक्षकांचं प्रमाण घालून दिलंय, प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक. आपल्याकडं एक माणूस किती शाळा फिरतो ते मी पाहिलंय, म्हणूनच लेखी मागायचं. तोंडी मागणीची कुठं नोंद राहत नाही.

मुलाला स्वमग्नता आहे असं तू मात्र कुणाला सांगू नकोस. तू डॉक्टर नाहीस. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांच्यापुढं तू पाहिलेलं जसंच्या तसं ठेव: घंटेला काय करतो, नावानं हाक मारल्यावर बघतो का, कशात तास तास रमतो. पुढं जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवायचं की नाही ते ते ठरवतील. इथं लातुरात अशा मुलांसाठी ‘उमंग’ केंद्र आहे, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी हरंगुळला ‘संवेदना’ आहे. आईला यायचं असेल तर उतरायला माझं घर आहे. पण प्रमाणपत्राचं नाव काढताच घरचे गप्प झाले, तर घाई करू नकोस. कागदावर एकदा आलं की थोरल्या बहिणीची सोयरीक अडेल, ही भीती आपल्या भागात खरी आहे. तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकलंस, तर ती माणसं दार लावून घेतील.

आता आईबद्दल. ‘मोबाईल देऊन देऊन तिनंच बिघडवलं’ असं दुसऱ्या बाया म्हणतात, असं तू लिहिलंस. हा आरोप जुना आहे, आणि शिकलेल्यांनीच आधी केलाय. थंड काळजाच्या आईमुळं मूल असं होतं, हे परदेशातल्या मोठमोठ्या विद्वानांनी वर्षानुवर्षं सांगितलं, आणि किती बायांनी ते खरं मानून स्वतःला जाळलं असेल. बर्नार्ड रिमलँड नावाचे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून तो आरोप खोडला. साठ वर्षं झाली, आणि तुझ्या शाळेच्या फाटकापाशी तो अजून चालू आहे. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून ती आई बाहेर पडली म्हणतेस. ती का बाहेर पडली, ते आधी तिच्या घरी जाऊन ऐक. तिला रोज शाळेतून निरोप जातो तो तक्रारीचाच: चावला, ढकललं, वही फाडली. दिवसातून एक तरी गोष्ट अशी कळव, की आज त्यानं हे केलं. खोटं मात्र रचू नकोस. तिला लगेच कळेल.

२०१६ सालीच आपल्या राज्यानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. जातपंचायती घरंच्या घरं वाळीत टाकायच्या, त्याला आळा घालायला. शाळेतलं वाळीत टाकणं पंचायत भरवून होत नाही. वाढदिवसाचं चॉकलेट चाळीसांत एकाला मिळत नाही, सहलीच्या यादीत नाव राहून जातं, गॅदरिंगच्या नाचात त्याला ‘झाड’ करून कोपऱ्यात उभं करतात. विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच: मुद्दाम नाही केलं. आणि ते खरंही असतं. म्हणून तर ते मोडायला कुणीतरी मुद्दाम उठावं लागतं.

सह्या करणाऱ्या पालकांना दुष्ट समजू नकोस. आपल्या लातूर पॅटर्नचं वारं तुमच्या नांदेडच्या खेड्यापाड्यांत पहिलीपासून घुसलंय. लेकरू ‘नीट’ परीक्षेला बसेपर्यंत एक तास वाया जायला नको, असं पोटाला चिमटा घेणाऱ्या बापाला वाटतं. त्याच्या लेकराला चावा बसला असेल, तर त्याचा रागही रास्त आहे. त्याला सांग, की यापुढं हे होऊ नये म्हणून मी काय करते आहे. आणि खरोखर कर. हे मूल उगीच चावत नाही. चावण्याआधी काय घडतं ते आठवडाभर वहीत टिपून ठेव. बहुतेक वेळा गोंगाट, धक्काबुक्की किंवा अचानक बदललेला तास निघेल. घंटा द्यायच्या आधी त्याला खुणेनं सांग. दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रं फळ्याच्या कडेला ओळीनं काढ. बघशील, ती चित्रं बाकीची पोरंच जास्त बघतील. पालकसभेत त्याचं नाव काढून चर्चा मात्र होऊ देऊ नकोस. ज्या आईला चारचौघांत हे ऐकून घ्यावं लागतं, ती तिथं कोपऱ्यात बसलेली असते.

आणि ती मोकळी जागा.

तू पाच-सहा वर्षांची असताना आपण नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो होतो, तुला आठवत नसेल. आपल्या पंगतीत पलीकडं एक मोठा मुलगा होता, सारखा पुढं-मागं डुलणारा. सेवादार पोळ्या घेऊन आले. दोन्ही हात पुढं केल्याशिवाय ते पोळी देत नाहीत. त्या मुलाला हात पुढं करायला वेळ लागला. सेवादार वाकून तसेच थांबले, मागची सगळी रांग खोळंबली, कुणी हूं की चूं केलं नाही. हात आले, पोळी पडली, ते पुढं सरकले. तू मला मोठ्यानं विचारलंस, ‘आत्या, तो असा का हलतो?’ आणि मी तुला दटावून गप्प केलं. तेवढ्या एका दटावण्यात तू काय शिकली असशील, याचा मी आता विचार करते. तुझ्या वर्गातल्या मुलांनी विचारलं तर दटावू नकोस. सरळ सांग: त्याच्या कानांना आवाज आपल्यापेक्षा जास्त टोचतो, डुललं की बरं वाटतं.

उद्यापासून खिचडीला तू स्वतः त्या जागेत बैस. खाली, पट्टीवर, ताट घेऊन. एका बाजूला तू असलीस की दुसऱ्या बाजूला कुणी ना कुणी येतंच, बाईंच्या जवळ बसायला सगळ्यांनाच आवडतं. चार दिवसांनी हळूच एक ताट सोडून सरक. हुशार, समजूतदार मुलगी बघून ‘तू याला सांभाळ’ असं मात्र करू नकोस. ती नऊ वर्षांची आहे, आया नाही, आणि त्याला सोबती हवा आहे. एस.टी.च्या पाट्यांसारखं त्याचं काय आहे, ते शोध. त्याच्याशी दोस्ती तिथूनच होते.

पंधरा ऑगस्ट बारा दिवसांवर आला. भोंगा लागेल, पाहुणे येतील, कुणीतरी तुला सुचवेल. तू आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याला रिकाम्या मैदानावर घेऊन जा. झेंडा कुठं, तो कुठं, तू कुठं, ते पायांनी रेघ ओढून दाखव. भोंग्यापासून लांबची जागा धर. कानाला लावायला जाड कापडाची पट्टी मी शिवून पाठवते. आणि निरोप पोरांच्या हाती देऊ नकोस, संध्याकाळी तूच घरी जा. त्याच्या आईला सांग, की उद्या सात वाजता दोघांनी यायचं आहे.

तुझी,
आत्या