डावा ब्रेक आपोआप का लागतो?

हॉस्टेलवर कोणतीही वस्तू बिघडली की तिच्यावर दोनच इलाज होतात. पहिला म्हणजे तिला एक टपली मारणे, आणि दुसरा म्हणजे "नवीनच घेऊ या" असे म्हणून वर्गणी काढणे. आमच्या एअरो क्लबच्या फ्लाइट सिम्युलेटरचे पेडल बिघडले तेव्हा हे दोन्ही इलाज सुचवून झाले. तिसरा इलाज म्हणजे बिघाड शोधणे. तो आम्ही कसा शोधला ते इथे सांगतो. तुमच्याकडे सिम्युलेटर नसला तरी ही पद्धत प्रोजेक्टच्या वेळी उपयोगी पडेल.

ज्यांनी हे पेडल पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. विमानात दोन पायांसाठी दोन रडर पेडल असतात. ती पुढे-मागे सरकवली की शेपटीवरचा रडर हलतो. त्याच पेडलचा वरचा भाग पायाच्या बोटांनी दाबला की चाकाचा ब्रेक लागतो, म्हणून त्याला टो ब्रेक म्हणतात. डाव्या पेडलने डाव्या चाकाचा, उजव्याने उजव्या चाकाचा. सेस्ना १७२ मध्ये नुसत्या पेडलने पुढचे चाक दोन्ही बाजूंना साधारण १० अंश वळते. एका बाजूचा ब्रेक दाबला तर ३० अंशांपर्यंत. म्हणजे जमिनीवर हा ब्रेक थांबण्यासाठी असतो तसा वळण्यासाठीही असतो.

आता आमची तक्रार. विमान धावपट्टीकडे नेताना सारखे डावीकडे ओढायचे. सेकंड इयरचा आमचा एक ज्युनिअर पुढे पायलट व्हायचे म्हणतो. तो रोज मेसनंतर तासभर सराव करतो. विमान सरळ जावे म्हणून त्याने उजवा पाय कायम थोडा दाबून ठेवायची सवय लावून घेतली होती. मशीनचा बिघाड त्याच्या पायात उतरला होता! मला पेडलच्या किमतीपेक्षा याची काळजी जास्त वाटली. पेडल बदलता येते, पायाला लागलेले वळण सहज जात नाही.

१) तक्रार खरी आहे का?
एक इंजिन आणि पुढे पंखा असलेली बरीचशी विमाने टेक-ऑफला पूर्ण पॉवर दिली की डावीकडे ओढतातच. पंख्याने फिरवलेला हवेचा झोत शेपटीवर आदळतो, त्याला इंजिनाच्या टॉर्कची साथ मिळते. बाजूचा वाराही विमानाचे तोंड फिरवतो. हा ब्रेकचा दोष नव्हे. म्हणून सिम्युलेटरमध्ये वारा शून्य करा, पार्किंग ब्रेक सुटला आहे का ते बघा आणि इंजिन अगदी मंद ठेवून विमान हळू चालवा. तरीही ओढले तर पुढे जा. आमचे ओढत होते.

२) साखळीच्या मध्यावर मापा
पाय, स्प्रिंग, पोटेन्शिओमीटर, वायर, सर्किट बोर्ड, यूएसबी, विंडोज, सिम्युलेटर अशी ही साखळी आहे. एका टोकाकडून सुरुवात केली तर रात्र जाते. मध्यावर मापले तर एका फटक्यात अर्धी साखळी बाद होते. विंडोजमध्ये रन उघडून 'जॉय डॉट सीपीएल' टाइप करा. पेडलच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक अक्षाची हालचाल दिसते. तिथल्या कॅलिब्रेशनमध्ये 'रॉ डेटा' दाखवण्याचा पर्याय आहे, तोही चालू करा.

इथे सगळे ठीक दिसले तर दोष सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये. त्यात दोन गोष्टी नेहमी सापडतात. पहिली, अक्ष उलटा असणे : पाय उचलला की पूर्ण ब्रेक, दाबला की मोकळा. विमान जागचे हलत नाही आणि बिचारे इंजिन बोंबलत राहते. 'रिव्हर्स' केले की प्रश्न मिटतो. दुसरी, जॉयस्टिकचा एखादा अक्षही त्याच ब्रेकला जोडलेला असणे. एका कामाला एकच अक्ष ठेवा.

आमच्याकडे मात्र पाय न लावताही डाव्या ब्रेकचा आकडा मध्येच उडी मारत होता. म्हणजे सिम्युलेटर निर्दोष.

३) एक की दोन्ही?
दोन्ही ब्रेक एकदम नाचत असतील तर सामाईक वायर, ग्राउंड किंवा यूएसबीवर संशय घ्या. आमचा एकच नाचत होता. यूएसबी काढून पेडलचे झाकण उघडले आणि डाव्या-उजव्या पॉटचे प्लग बोर्डावर अदलाबदल केले. परत जोडल्यावर उडी उजव्या ब्रेकच्या आकड्यात दिसू लागली. दोष प्लगबरोबर सरकला, म्हणजे बोर्ड ठीक. राहिले वायर आणि पॉट.

४) मल्टिमीटर
यूएसबी पुन्हा काढून, प्लग मोकळा करून मापले. पॉटच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स स्थिर होता. मधला पाय आणि एक टोक यांच्यामधला मात्र पेडल हळू हलवताना एकाच जागी तुटत होता. वायर हलवून पाहिली, फरक नाही. कार्बनचा पट्टा तिथे झिजला होता. ती जागा कोणती? पेडल मोकळे असताना वायपर जिथे टेकतो नेमकी तीच. संपर्क सुटला की बोर्डाची ती पिन लोंबकळते आणि वाट्टेल तो आकडा दाखवते.

५) गणित आणि इलाज
साधा पॉट साधारण ३०० अंश फिरतो. टो ब्रेक त्याला जेमतेम ३० अंश फिरवतो. म्हणजे पट्ट्याचा एक दशांश भागच घासला जातो. १० बिटच्या एडीसीत ० ते १०२३ पैकी सुमारे १०२ पायऱ्याच वापरात येतात. तोटा असा की दोन पायऱ्यांची थरथरसुद्धा दोन टक्के ब्रेक होते. फायदा असा की नऊ दशांश पट्टा कोरा पडून असतो! आम्ही पॉटचा स्क्रू सैल केला, त्याची बॉडी ६० अंश फिरवली, स्क्रू घट्ट केला आणि पुन्हा कॅलिब्रेशन केले. उडी गेली. खर्च शून्य.

डेड झोन वाढवून उडी झाकण्याची सूचनाही आली होती. पण डेड झोनने सुरुवातीचा हलका दाबही गिळला जातो आणि हलका ब्रेक शिकायचा असेल तर नेमका तोच हवा असतो. शिवाय झीज चालूच राहते.

पेडल एका संध्याकाळी दुरुस्त झाले. आमच्या ज्युनिअरच्या उजव्या पायाला मात्र सरळ व्हायला पुढे आठ-दहा दिवस लागले. विमान आता उजवीकडे जायचे आणि तो म्हणायचा, "दादा, तुम्ही बिघडवलंत!"

तेव्हा वर्गणीची वही उघडण्याआधी लॅबमधल्या मामांकडून मल्टिमीटर मागून आणा. आणि सेल तपासून घ्या, तो बहुधा उतरलेला असतो.