अगं, उडणाऱ्यांच्या मागे लागू नकोस

मनू, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि रात्रभर तोच कानात राहिला. चिलटांपायी तुला रडू यावं, याचं मला फार वाईट वाटलं. सासूबाईंनी देवापुढची केळी उचलली, चिलटांचा थवा उठला, त्या काही बोलल्या नाहीत आणि तू मात्र मनातल्या मनात मेलीस. अगं, ज्येष्ठ लागलाय. आंबे संपत आलेत, एक पाऊस पडून गेलाय, हवा दमट झालीये. अशा दिवसांत चिलटं कुणाकडेही होतात. आईच्या ओट्यावर होती, माझ्याकडे दर वर्षी येतात. तुझ्या टापटिपीशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांना पिकल्याचा वास येतो, ती येतात.

आणि हे मी तुला नुसतं समजूत काढायला सांगत नाही. एम.एस्सी.ला मी दोन वर्षं हीच चिलटं पाळली होती, आठवतंय ना? ड्रोसोफिला. रवा, गूळ आणि अगर शिजवून आम्ही काचेच्या बाटल्यांत ओतायचो, वर यीस्ट घालायचो. आई एकदा प्रयोगशाळेत आली होती, तर वास घेऊन म्हणाली, "हा तर शिराच की गं!" न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन दुधाच्या बाटल्यांत केळं घालून हीच चिलटं वाढवायचे. १९१० साली त्यांना लाल डोळ्यांच्या घोळक्यात एक पांढऱ्या डोळ्यांचं चिलट सापडलं, त्यातून आनुवंशिकतेचं केवढं तरी कोडं सुटलं, १९३३ चं नोबेल मिळालं. सांगायचा मुद्दा असा, की चिलटं वाढवायला काय लागतं ते मला पाठ आहे. तेच तुझ्या घरातून काढून घेऊ.

त्यांना हवं असतं आंबायला लागलेलं, ओलसर काहीतरी. त्यात ती अर्ध्या मिलिमीटरची अंडी घालतात, तुला दिसणारही नाहीत. सध्याच्या उबेत एक दिवसात अंडं फुटतं, चार-पाच दिवस अळी खात राहते, मग तेवढेच दिवस कोशात. म्हणजे दहाव्या-अकराव्या दिवशी नवं चिलट उडायला तयार. एक मादी आयुष्यात काहीशे अंडी घालते. प्रयोगशाळेत आम्ही बाटलीतली सगळी मोठी चिलटं दुसऱ्या बाटलीत हलवायचो. जुनी बाटली रिकामी दिसायची. आठवड्याने बघावं तर पुन्हा गच्च! तू टाळ्या वाजवून मारतेस, कापूर जाळतेस, पंखा लावतेस, तेव्हा हेच होतं. उडणारी जातात, खालची बाटली भरलेलीच राहते.

म्हणून आधी ती बाटली शोध. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी तीन आठवडे केळी झाकत होते, ओटा पुसत होते, आणि चिलटं काही हटेनात. शेवटी एका रविवारी ट्रॉलीतली कांद्या-बटाट्याची टोपली पूर्ण बाहेर काढली. वर सगळे कांदे कोरडे, खडखडीत. तळाच्या वर्तमानपत्राला चिकटून एकच बटाटा, नुसतं पाणी झालेला. कागद उचलला तर असा भपकारा आला की मी मागे सरले. त्या कागदावर बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एक बटाटा गं, सगळा कारखाना त्यात होता. कागद गुंडाळून लगेच घराबाहेर टाकला, टोपली आणि ट्रॉलीच्या पट्ट्या गरम पाण्याने घासल्या, आणि पुढच्या दोन आठवड्यांत चिलटं कमी होत होत गेली.

तर तूही आज संध्याकाळी टोपली उलटी कर. मग मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग काढून बघ. आमरस केलास ना, त्या रिंगखाली हमखास साका अडकतो. निर्माल्याची पिशवी रोज हलव, ओटीतली केळी देवापुढे दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नकोस. रद्दीवाल्यासाठी ठेवलेल्या सरबताच्या बाटल्या विसळलेल्या आहेत का? फरशी पुसायचं फडकं बादलीत ओलंच राहतंय का? सिंकची जाळी उचल आणि तिची खालची बाजू, पाइपाची कड बाटल्या धुवायच्या ब्रशने घास. वरून नुसतं उकळतं पाणी ओतून तो बुळबुळीत थर निघत नाही, घासावंच लागतं. शिवाय प्लॅस्टिकच्या पाइपांचे सांधे उकळत्या पाण्याने ढिले होऊ शकतात.

कचऱ्याच्या डब्याचं मात्र नीट ऐक, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. अळी ओल्यात वाढते, पण कोश करायची वेळ आली की ती वर, कोरड्या जागी चढते. आमच्या बाटल्यांत शिऱ्यापेक्षा वर काचेलाच कोश चिकटलेले असायचे. म्हणून ओल्या कचऱ्याचा डबा तळातून कितीही धुतलास तरी पुरत नाही. त्याचं झाकण उजेडात धर आणि आतली कड बघ, बिजागरीच्या खाचेत बघ. तिळाएवढे तपकिरी दाणे चिकटलेले दिसतील. वाळलेला मसाला वाटतो, आहेत ते कोश. जुना टूथब्रश आणि साबण घेऊन खरवडून काढ, डबा उन्हात पालथा घाल. आंब्याच्या साली आणि बाठे तर घरात रात्री मुळीच राहू देऊ नकोस. घंटागाडी सकाळीच येणार असेल तर साली पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाक, सकाळी दे. सासूबाईंना विचित्र वाटेल, तर खरं कारण सांग, पटेल त्यांना.

एवढं झालं की मग सापळा. तो आधी लावून काही होत नाही, पण नंतर फार कामाचा, कारण उरलेल्या माद्या अंडी घालायच्या आत त्यात जातात. वाटीत बोटभर अ‍ॅपल सायडर व्हिनेगर घे. पांढऱ्या व्हिनेगरला ती एवढी भुलत नाहीत. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घाल. एकच, जास्त झालं तर त्याचाच वास येतो. त्या थेंबाने व्हिनेगरच्या पृष्ठभागाचा ताण मोडतो आणि चिलट वर बसायच्या ऐवजी बुडतं. व्हिनेगर नसेल तर बरणीत काळं पडलेलं अर्धं केळं घालून वर कागदाचं नरसाळं लाव, त्यातून आत शिरतात आणि बाहेरची वाट त्यांना सापडत नाही. फक्त केळ्याची बरणी तीन-चार दिवसांत बाहेर टाकायची, नाहीतर तू स्वतःच त्यांना वाढवायला बसलीस असं होईल.

ओट्याजवळ कीटकनाशकाचा फवारा अजिबात मारू नकोस, घरात रांगतं बाळ आहे. आणि सिंकमध्ये ब्लीच टाकलंस तर त्याच दिवशी व्हिनेगर ओतू नकोस, दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू होतो. हे मी हात जोडून सांगते. चिलट चावत नाही, डंख मारत नाही, पण मोरीवरून उठून बाळाच्या खिमटीवर बसतं. खिमटी झाकलेलीच ठेव.

बाथरूममधली भिंतीवर बसणारी, केसाळ पंखांची, पतंगासारखी दिसणारी ती वेगळी. ती गटाराच्या पाइपातली, व्हिनेगरला येणार नाहीत. तुळशीच्या कुंडीवरची काळी बारीक तर ओल्या मातीतली, पाणी कमी घाल. आणि परवा आंबा कापल्यावर निघालेल्या अळीला घाबरलीस ना, तिचाही या चिलटांशी संबंध नाही. ती मोठी फळमाशी, झाडावरच्या फळाला टोचून अंडी घालते. कोकणात बागायतदार झाडाला सापळे टांगतात ते तिच्यासाठी.

बारा दिवस धर. आज सुरुवात केलीस तरी पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा चार-दोन दिसतील आणि तुला वाटेल, फुकट गेलं सगळं. ती आधीच कोशात असलेली असतात. सापळा बदल, डबा रोज रिकामा कर, बास.

उरलेल्या पायरीचा रस आजच काढून फ्रीझरमध्ये टाक. केळी फ्रीजमध्ये ठेवलीस तर साल काळी पडेल, आत छान राहतात. आणि टोपली उलटी केलीस की तळाचा फोटो मला पाठव, रात्री किती का वाजेनात.