ज्याला उत्तर ठाऊक आहे

शास्त्रपाठ : शास्ते १४:१०-१९
पूरक वाचन : अनुवाद २५:१३-१६, नीतिसूत्रे १६:३३, २ तीमथ्य २:५



रात्रीची जेवणे आटोपली की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सारे कुटुंब दूरचित्रवाणीसमोर बसते. पडद्यावर प्रश्न येतो, खाली चार पर्याय उमटतात, आणि स्पर्धकाच्या आधी आपल्याच घरातून उत्तरे येऊ लागतात. आजीबाईंचे उत्तर बरोबर आले तर घरात आनंद होतो. भारतात ‘कौन बनेगा करोडपती’ हा कार्यक्रम २००० साली सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे हा तरुण एक कोटी रुपयांचा पहिला मानकरी ठरला, तेव्हापासून हे दृश्य घरोघरी परिचयाचे झाले आहे.

असे कार्यक्रम ख्रिस्ती माणसाने पाहावेत की नाहीत, हा वाद या पाठात आपल्याला करावयाचा नाही. प्रत्येक बक्षिसाच्या खेळात एक तरी माणूस असा असतो की, ज्याला उत्तर आधीपासून ठाऊक असते. त्या ज्ञानाचा तो कसा उपयोग करतो, यावर खेळाचा न्याय व अन्याय ठरतो. पवित्र शास्त्रातील एका प्राचीन स्पर्धेच्या आधारे आपण याचा अभ्यास करू या.

१. तिम्ना येथील कोडे

शमशोनाच्या लग्नाची मेजवानी सात दिवस चालणार होती. तीस सोबत्यांपुढे त्याने एक कोडे टाकले. सात दिवसांत उलगडले तर तीस तागाची वस्त्रे व तीस पोशाख तो देणार. न उलगडले तर तेवढेच त्यांनी त्याला द्यावयाचे. प्रश्न, मुदत, बक्षीस आणि हरल्यास भरावयाचा दंड, हे सारे आधी ठरले होते. वरवर पाहता नियम चोख होते.

तरी बारकाईने पाहा. त्या कोड्याचे उत्तर बुद्धीने किंवा अभ्यासाने सापडण्यासारखे नव्हते. मेलेल्या सिंहाच्या सांगाड्यात शमशोनाला मध सापडला होता आणि ही गोष्ट त्याने आपल्या आईबापांनादेखील सांगितली नव्हती (वचन १६). जे केवळ स्वतःलाच माहीत आहे तेच त्याने विचारले. नियम दोहोंना सारखे दिसत होते, परंतु जिंकण्याची संधी एकालाच होती.

सोबत्यांनी त्याहून वाईट मार्ग धरला. त्यांनी नवरीला धमकावले की, उत्तर काढून आण, नाहीतर तुला व तुझ्या बापाच्या घराला जाळून टाकू. ती रडली, शमशोनाने सांगितले आणि सातव्या दिवशी सूर्यास्तापूर्वी त्या तीस जणांनी उत्तर बरोबर दिले. उत्तर बरोबर होते, पण ते चोरीचे होते. बक्षिसाची वस्त्रे देण्यासाठी शमशोनाने अष्कलोनात तीस माणसे ठार केली. ज्यांनी ते कोडे ऐकलेसुद्धा नव्हते त्यांनी या खेळाची किंमत चुकविली.

२. नियमातून संधी जन्मते

आता संधीचे थोडे गणित करू या. पंधरा प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय असले, आणि एखाद्याने डोळे मिटून सर्व उत्तरे दिली, तर ती सर्व बरोबर येण्याची संधी १,०७,३७,४१,८२४ मध्ये एक, म्हणजे एकशे सात कोटींत एकाहूनही कमी आहे. म्हणून असा खेळ निव्वळ नशिबाचा नाही. त्यात अभ्यासाला वाव आहे.

‘करोडपती’च्या पहिल्या पर्वातील नियम घ्या. पन्नास लाख जिंकलेल्या स्पर्धकाने शेवटचे उत्तर चुकविले तर तो ३,२०,००० रुपयांवर घसरत असे. चारांपैकी दोन पर्याय वगळले गेले आणि उरलेल्या दोहोंतून त्याने अंदाजाने एक निवडला, तर सरासरी ५१,६०,००० रुपये येते. कागदावर हे पन्नास लाखांपेक्षा अधिक आहे. परंतु सरासरी ही हजार वेळा खेळणाऱ्याची असते. गृहस्थाला ती खुर्ची एकदाच मिळते आणि चुकल्यास त्याच्या घरी सरासरी जात नाही, तीन लाख वीस हजार जातात. कारभारीपणाचा विचार करणाऱ्याने हा भेद ओळखावा. शिवाय २००१ सालच्या वित्त कायद्याने दूरचित्रवाणीवरील बक्षिसेही लॉटरीप्रमाणेच करास पात्र ठरविली. कराचा दर ३० टक्के असून अधिभार व उपकर निराळे लागतात. जाहीर होणारा आकडा आणि हाती पडणारी रक्कम यांत म्हणूनच अंतर असते.

येथपर्यंत सर्व उघड आहे. नियम पूर्णपणे सांगितला नाही तर काय होते, ते अमेरिकेतील एका कोड्यावरून कळते. ‘लेट्स मेक अ डील’ हा तिकडचा कार्यक्रम १९६३ साली सुरू झाला. मॉन्टी हॉल त्याचे सूत्रसंचालक होते. त्यांच्या नावाचे कोडे असे : तीन दारे आहेत, एकामागे मोटार व दोहोंमागे बोकड. तुम्ही एक दार निवडता. मोटार कोठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रसंचालक उरलेल्यांपैकी बोकडाचे एक दार उघडतो आणि विचारतो, ‘दार बदलणार काय?’ १९९० साली मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट या लेखिकेने एका साप्ताहिकात उत्तर दिले की, बदलावे; कारण त्यामुळे जिंकण्याची संधी तिनांत एकाऐवजी तिनांत दोन होते. हजारो वाचकांनी तिला चूक ठरविणारी पत्रे लिहिली, त्यांत गणिताचे प्राध्यापकही होते. पण तिचे उत्तर बरोबर होते. तुमचे पहिले दार तीन वेळांपैकी सरासरी एकदाच योग्य असते. उरलेल्या दोन वेळा मोटार अन्य दोन दारांमागे असते आणि त्यांतले बोकडाचे दार सूत्रसंचालकाने दूर केलेले असते.

मात्र यात एक अट आहे. सूत्रसंचालकाने प्रत्येक वेळी दार उघडलेच पाहिजे आणि बदलण्याची मुभा दिलीच पाहिजे. स्पर्धकाने मोटारीचे दार निवडले असेल तेव्हाच त्याने मोह घातला, तर बदलणारा दर वेळी हरेल. सूत्रसंचालकावर असे बंधन नसेल तर गणिताचा उपयोग होत नाही, हे १९९१ साली स्वतः हॉल यांनीच एका वार्ताहराबरोबर खेळून दाखविले. दारे तीच, मोटार तीच. परंतु ज्याला उत्तर ठाऊक आहे तो कोणत्या नियमाने बांधला गेला आहे, हे कळल्यावाचून आपली संधी किती, हे सांगता येत नाही.

३. काचेच्या खोलीतील खोटेपणा

१९५६ साली अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ ही प्रश्नमंजूषा सुरू झाली. दोन स्पर्धक दोन ध्वनिबंद खोल्यांत उभे राहत, म्हणजे एकाला दुसऱ्याचे ऐकू येऊ नये. न्यायाचा किती हा देखावा! पहिला कार्यक्रम प्रामाणिकपणे झाला, परंतु स्पर्धकांची उत्तरे इतकी चुकली की, प्रायोजक संतापले. त्यानंतर निर्मात्यांनी उत्तरे आधी पुरविण्यास प्रारंभ केला. कोठे थांबावे, कपाळाचा घाम केव्हा पुसावा, हेसुद्धा शिकविले जाऊ लागले.

हर्बर्ट स्टेम्पेल हा स्पर्धक अनेक आठवडे जिंकत होता. डिसेंबर १९५६ मध्ये त्याला हरण्यास सांगण्यात आले. १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ऑस्कर कोणाला मिळाले, असा प्रश्न आला. ‘मार्टी’ हे उत्तर त्याला पक्के ठाऊक होते. तरी ठरल्याप्रमाणे त्याने चुकीचे नाव घेतले. त्याच्या जागी कोलंबिया विद्यापीठातील तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन विजयी झाला आणि पुढे त्याची बक्षिसे १,२९,००० डॉलर्सवर गेली. व्हॅन डोरेन प्रथम कचरला होता. ‘हे केवळ मनोरंजन आहे, शिवाय तुझ्यामुळे शिक्षणाचा व शिक्षकांचा मान वाढेल,’ अशा आशयाने त्याची समजूत घालण्यात आली. वाचकहो, मोह बहुधा चांगल्या कार्याचाच झगा घालून येतो.

पुढे जेम्स स्नॉडग्रास या स्पर्धकाने उघड केलेला पुरावा विलक्षण होता. कार्यक्रमापूर्वी मिळालेली उत्तरे लिहून त्याने ती रजिस्टर टपालाने स्वतःलाच पाठविली होती आणि पाकिटे न फोडता जपून ठेवली होती. १९५९ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे चौकशी झाली, तेव्हा २ नोव्हेंबर रोजी व्हॅन डोरेनने सर्व कबूल केले. त्याची नोकरी गेली. पंचांपुढे शपथेवर खोटे बोलल्याचा गुन्हा १९६२ साली त्याने व इतर काही स्पर्धकांनी कबूल केला, आणि त्यांना तहकूब शिक्षा झाली. झाकलेले उघड होणारच, हे प्रभू येशूने शिष्यांना आधीच सांगून ठेवले आहे (लूक १२:२).

लक्षात घ्या, तेव्हा प्रश्नमंजूषेत उत्तरे पुरविणे हा अमेरिकेच्या कायद्याने गुन्हाच नव्हता. तो कायदा १९६० साली झाला. तत्पूर्वी कायदा मूक होता. परंतु अनुवाद २५:१३-१६ मधील आज्ञा मूक नव्हती. एकाच पिशवीत लहान व मोठे अशी दोन वजने ठेवू नयेत, असे तेथे परमेश्वर सांगतो. मोठे वजन आवडत्या स्पर्धकासाठी व लहान वजन नावडत्यासाठी, हाच त्या कार्यक्रमाचा खरा नियम होता.

४. चिठ्ठी आणि तराजू

काही विश्वासणारे म्हणतील की, संधीचा खेळ मुळातच पाप आहे. लोभाने पैसे लावणे निश्चितच अनिष्ट आहे आणि जुगाराने उद्ध्वस्त झालेली घरे आपण पाहिली आहेत. परंतु चिठ्ठ्या टाकणे ही गोष्ट शास्त्रात स्वतःच निषिद्ध नाही. वचनदत्त देश वंशांना चिठ्ठ्या टाकून वाटून देण्यात आला (गणना २६:५५) आणि यहोशवाने शिलो येथे परमेश्वरासमोर त्या टाकल्या (यहोशवा १८:१०). मत्थियाची निवड चिठ्ठीनेच झाली (प्रे. कृत्ये १:२६). चिठ्ठीने भांडण मिटते, असे नीतिसूत्रे १८:१८ मध्ये म्हटले आहे. याचे कारण असे की, चिठ्ठी तोंड पाहत नाही. धनवानाचा पुत्र आणि विधवेचा पुत्र तिला सारखेच. निर्णय परमेश्वराच्या हाती आहे, हे नीतिसूत्रे १६:३३ आपल्याला शिकविते. म्हणून जो गुपचूप चिठ्ठी फिरवितो तो शेजाऱ्याला फसवितोच, शिवाय जो निर्णय देवावर सोपविल्याचे त्याने दाखविले तोच हिरावून घेतो.

५. आपल्या मंडळीत

दूरच्या देशाची ही कथा आपल्या दाराशी आणल्यावाचून पाठ पूर्ण होणार नाही. आपल्या शब्बाथ शाळेत पवित्र शास्त्र प्रश्नमंजूषा होते. प्रश्न काढणाऱ्या शिक्षकाचाच मुलगा स्पर्धेत असतो. आदल्या रात्री ‘राजांचे पुस्तक एकदा नीट वाच हं,’ एवढेच वाक्य घरात बोलले जाते. हे उत्तर देणे नव्हे, असे आपण म्हणतो. परंतु दुसऱ्या बाकावर बसलेल्या ज्या मुलीने महिनाभर सर्व अध्याय वाचले, तिच्या वजनात आपण खोट केली. सणाच्या विक्रीतील सोडतीचेही तसेच. तिकिटे किती विकली, बक्षिसे किती, चिठ्ठी कोण काढणार, हे आधी जाहीर करावे. आणि आयोजकांच्या घरच्यांनी त्यात भाग घेऊ नये. मंडळीच्या कामासाठी पैसा उभा राहतो, हे कारण पुरेसे नाही. व्हॅन डोरेनलाही चांगलेच कारण सांगण्यात आले होते.

आणि मुलगा हरून घरी आला तर? त्याला जवळ घ्या. नियमाप्रमाणे न धावणाऱ्याला मुगूट मिळत नाही, हे पौलाने तीमथ्याला लिहिले आहे. नियमाप्रमाणे धावून जो हरला त्याला देवापुढे मान खाली घालावी लागत नाही, हेही त्याला सांगा. हरण्याचे बळ ज्याला घरी मिळाले, त्याला पुढे परीक्षेत, नोकरीत व व्यापारात खोटे उत्तर विकत घ्यावे लागणार नाही.

शेवटी आपल्या प्रभूकडे पाहू या. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे आणि आपल्याला धरून देणारा कोण, हे त्याला ठाऊक होते (योहान १३:३, ११). ज्याला सर्व ठाऊक होते त्याने त्या ज्ञानाचा उपयोग कोणाला हरविण्यासाठी केला नाही. तो उठला, कमरेस रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले; त्यांत यहूदाचेही पाय होते. त्याची कृपा हे बक्षीस नाही. ती आपण जिंकत नाही, ती आपल्याला दिली जाते. ज्याला ती मिळाली आहे, त्याला शेजाऱ्यापासून काही चोरून जिंकण्याची गरज उरत नाही.

मननासाठी प्रश्न

१. शमशोन व त्याचे तीस सोबती, यांपैकी कोणाचा अपराध मोठा वाटतो? का?
२. इतरांना ठाऊक नसलेली कोणती माहिती माझ्या कामात माझ्या हाती असते? मी तिचा कसा उपयोग करतो?
३. ‘कार्य चांगले आहे’ या सबबीखाली आपल्या मंडळीत एखादा नियम वाकविला जातो काय?
४. आपल्या मुलाच्या यशापेक्षा त्याचा प्रामाणिकपणा मला अधिक प्रिय आहे, हे त्याला माझ्या वागण्यातून कळते काय?

प्रार्थना : हे न्यायी व कृपाळू देवा, आमच्या पिशवीतील दुसरे वजन तू पाहतोस. ते काढून टाकण्याचे धैर्य आम्हांला दे. जिंकताना नम्र व हरताना समाधानी राहण्यास आम्हांला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.