रंगाआधी थिनर बघा

प्लॅस्टिकची विमानं, रणगाडे जोडायला नुकतीच सुरुवात केलेली मुलं हटकून विचारतात, "काका, ॲक्रिलिक घेऊ की इनॅमल?" मी आधी विचारतो, "पातळ कशाने करणार?" मॉडेलचं भलंबुरं बरंचसं त्यावर ठरतं, हे मी माझ्या मिग-२१ वर पाहिलंय.

१/७२ प्रमाणातलं ते वीतभर विमान. हिरव्या-तपकिरी पट्ट्यांना इनॅमल दिला होता आणि तो हाताला कोरडा लागत होता. पत्र्यांचे सांधे उठून दिसावेत म्हणून टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ केलेला काळा इनॅमल वरून फिरवला. जादाचा काळा टिपायला कापड लावलं, तर त्याबरोबर खालचा हिरवाही निघून आला आणि पंखाच्या मुळाशी राखाडी प्लॅस्टिक उघडं पडलं.

इनॅमल तेलाच्या जातीचा रंग. त्यातलं टर्पेंटाइन लवकर उडून जातं, पण उरलेला थर हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश कडक होतो. वरून कोरडा झालेला थर आतून कितीतरी दिवस कच्चाच असतो, आणि कच्च्या इनॅमलला टर्पेंटाइन लागलं की तो सुटतोच.

म्हणून मुख्य रंग ॲक्रिलिकचा द्या. तो नीट वाळला की त्यावर ॲक्रिलिकचंच ग्लॉस वार्निश, आणि मग सांध्यांसाठी इनॅमलचा वॉश, म्हणजे तोच अगदी पातळ केलेला रंग. पक्क्या वाळलेल्या ॲक्रिलिकला टर्पेंटाइन सहसा धक्का लावत नाही, त्यामुळे वॉश मनासारखा बसला नाही तरी पुसून पुन्हा देता येतो. खिडक्या बंद ठेवाव्या लागतात अशा पावसाळ्यात, लहान मूल असलेल्या घरात, पाण्यात कालवायच्या ॲक्रिलिकला मी तरी पर्याय मानत नाही. टर्पेंटाइनचा वास पडद्यांतसुद्धा राहतो.

इनॅमलला मी टाकाऊ मात्र म्हणणार नाही. एअरब्रश नसेल आणि मोठा पंख ब्रशनेच रंगवायचा असेल, तर त्याच्यासारखा रंग नाही. तो सावकाश वाळतो, तेवढ्या वेळात ब्रशचे ओरखडे भरून येतात. तामिया कंपनीचं ॲक्रिलिक ब्रशने देताना त्याच जागी लगेच दुसरा हात फिरवलात, तर पहिला खरवडून निघतो. पांढऱ्या रंगाला मात्र इनॅमल नको, काही वर्षांनी तो पिवळट पडतो.

सगळ्यात मोठा धोका हार्डवेअरच्या दुकानात आहे. तिथे नुसतं "थिनर द्या" म्हटलंत, तर बऱ्याचदा एनसी थिनर हातात पडतं. ते लाकडाच्या पॉलिशसाठी ठीक, पण किटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि ते त्यात विरघळतं. बारीक रिव्हेट, दारांच्या कडा, सगळं लिबलिबीत होतं. टर्पेंटाइन हवं असेल तर नाव घेऊन मागा आणि डब्यावरचं वाचा. तरीही भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात, तिचा एक तुकडा तोडून त्यावर थेंब टाका. थोड्या वेळाने नखाने दाबून बघा. चिकट लागलं, तर तो डबा मॉडेलजवळ आणू नका.