सगळा वाडा नको, एकच भिंत घे

अगं, तुझं रेखाटन पाहिलं. दिंडी दरवाजा, चौक, वृंदावन, माडी, वर कौलंसुद्धा! एवढं सगळं त्या प्लायवर मावेल गं, पण मग ते वाड्याचं मॉडेल होईल. तुला उठावशिल्प करायचंय ना? मग ओसरीची ती एकच भिंत घे, दोन खांब आणि मधला कोनाडा.

वाडा सुटला तेव्हा तू फ्रॉकातली होतीस. कोनाड्यापर्यंत हात पोचायचा नाही तुझा. मग तो तसाच उंचावर ठेव, उंबराही गुडघ्याएवढा होऊ दे. फोटो बघून मापं दुरुस्त करायला जाऊ नकोस. आणि खोली एकाच जागी दे. कोनाडा खरोखर तीन इंच आत गेला, तर बाकीचं सगळं अर्ध्या इंचात भागतं. दिवा समोरून नको, बाजूने लाव. सावल्या पडल्या की निम्मं काम झालं.

सामान काय वापरू म्हणतेस, तर भिंतीलाच विचार. वाडा बांधायचे तेच मुळी मिश्र माध्यमात: खाली काळ्या दगडाचं जोतं, वर सागवानी सांगाडा, मध्ये विटा-माती, त्यावर चुन्याचा गिलावा. शनिवारवाड्याचं बघ ना, 1828 च्या आगीत लाकडी मजले गेले आणि दगडी जोती, तट तेवढे उरले. तू मात्र खरा दगड लावू नकोस, भिंतीवर टांगायचंय ते! लाकडाचा भुसा, खडूची पूड आणि फेविकॉल यांची लगदी कर, तिच्यात कोळशाची पूड घाल. प्लॅस्टर ऑफ पॅरिस प्लायवर थेट थापू नकोस. प्लाय जरा वाकला की तडकतं. आधी गोणपाट चिकटव, मग पातळ थर दे, एक वाळल्यावरच दुसरा. आणि प्लायला मागूनही प्रायमर हवा, शिवाय दोन आडव्या पट्ट्या. हे मागचं काम कंटाळवाणं आहे, पण चुकवू नकोस.

लाकूड आणि लोखंड मात्र खरंच हवं. जुन्या लाकडात बारीक भोकं दिसली, खालून पिठासारखा भुसा गळत असला, तर औषध मारल्याशिवाय घरात आणू नकोस. कडी-कोयंडा काकांना विचारून काढ, गुपचूप नाही.

रंगाची घाई नको. शिल्पकार लुईस नेव्हेल्सन न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टाकलेले लाकडी तुकडे गोळा करायची, खोक्यांत रचायची आणि सगळ्याला एकच काळा रंग द्यायची. 1958 चं तिचं ‘स्काय कॅथीड्रल’ बघ, नुसत्या आकार-सावल्यांवर उभं आहे. तूही रंगवण्याआधी सगळ्यावर चुन्याचा एक हात फिरव आणि आठवडाभर नुसतं बघत राहा. कदाचित रंग लागणारच नाही.

आणि हो, आत्याला इतक्यात दाखवू नकोस. ती खांब मोजायला बसेल, कोनाडा उजवीकडे होता म्हणून वाद घालेल. घालू दे, तू हलवू नकोस.